कोत सांभाळलेला माणूस

“तात्या, ह्यांनी चार दिवस झाले पाय घातला नाही. ड्यूटीवर पण गेले नाहीत. तुम्ही जरा येऊन जाता का?”

सूनबाईंचा फोन आला तेव्हा मी नुकताच रानातून घरी आलो होतो. सून माझी नव्हे, माझ्या वर्गमित्राची. त्याचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत नायक होता. नियंत्रण रेषेवर गस्त घालताना त्याचा डावा पाय सुरुंगावर पडला. पावसानं आणि बर्फानं सुरुंग जागचे सरकतात. नकाशात एका ठिकाणी, जमिनीत भलत्याच. त्यातलाच तो एक. गुडघ्याखाली वीतभर पाय राहिला. पुढची काही वर्षं पलटणीनं त्याला बसून करायच्या कामावर ठेवलं आणि 17 वर्षांची सेवा करून तो पेन्शनीवर घरी आला.

मी गेलो तर तो ओट्यावर बसलेला, कृत्रिम पाय भिंतीला टेकवून ठेवलेला. मी म्हटलं, दाखव. त्यानं टॉवेल बाजूला केला. नडगीच्या टोकाला रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या, भोवतीची कातडी लाल आणि तकतकीत.

“कधीपासून आहे हे?”

“दीड महिना झाला आसंल.”

“आणि कुणाला सांगितलं नाहीस?”

“सिक रिपोर्ट कुणाकडं करणार तात्या? सिव्हिलमधी कोण आर्‌एमओ बसलाय?”

फौजेत आजारी पडलं की पलटणीच्या डॉक्टरकडे, म्हणजे आरएमओकडे, सिक रिपोर्ट करायचा असतो. ही नोकरी त्याला मीच लावून दिली होती. मी फौजेत 24 वर्षं क्लार्क होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. तेव्हापासून आमच्या खटाव तालुक्यातले आणि आसपासचे माजी सैनिक कागद घेऊन माझ्याकडे येतात. कुणाचं पेन्शनीत नाव चुकलेलं असतं, कुणाच्या आईचं नाव डिस्चार्ज बुकात एक आणि आधार कार्डावर दुसरं असतं. सातारा जिल्ह्यात घराआड एक फौजी. अपशिंग्याला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. त्यामुळे कामाला कधी तोटा नसतो. हा घरी आला आणि महिनाभरातच म्हणाला, तात्या, घरात बसून डोकं फिरतंय, काहीतरी काम बघा. मी एका सुरक्षा एजन्सीला फोन केला. माजी सैनिक, वय 37, निर्व्यसनी. दुसऱ्या दिवशी हजर व्हा म्हणाले. मला केवढं समाधान वाटलं होतं! गावात चार लोकांना सांगितलंही.

काम होतं एका कारखान्याच्या गेटवर. 12 तासांची पाळी. केबिनमध्ये खुर्ची होती, पण साहेबांची गाडी आली की उभं राहायचं, ट्रक आला की बाहेर जाऊन नंबर लिहायचा, ताडपत्री उचलून बघायचं. दिवसातून अशा सत्तर-ऐंशी फेऱ्या होत. मी विचारलंच नव्हतं. नोकरी आहे म्हटल्यावर ती कशी आहे हे विचारायचं असतं, हे मला त्या जखमेनं शिकवलं.

गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, ते त्या आठवड्यात मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. उरलेल्या पायाला ते लोक स्टंप म्हणतात. त्यावर सिलिकॉनचा लायनर, त्यावर मोजा आणि मग तो सॉकेटमध्ये बसवायचा. सकाळी सॉकेट घट्ट बसतो. दिवसभर वजन पडून स्टंप बारीक होत जातो. दुपारपर्यंत तो सॉकेटमध्ये खाली सरकतो आणि सगळा भार नडगीच्या हाडाच्या टोकावर येतो. त्यावर उपाय साधा आहे. पाय काढायचा, घाम पुसायचा, आणखी एक मोजा चढवायचा, पुन्हा घालायचा. पाच-सात मिनिटांचं काम. पण गेटवर, ये-जा करणाऱ्या माणसांसमोर, पँट वर करून पाय काढून ठेवायचा कुठे? त्यानं दीड महिना तो मोजा दुपारी चढवलाच नाही.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली नाही, सूनबाईंनी सांगितली, तीही मान खाली घालून. गेटजवळच्या संडासात भारतीय भांडं होतं. कृत्रिम पायावर उकिडवं बसता येत नाही. म्हणून हा माणूस सकाळी घरून निघताना चहा घेत नव्हता आणि पाळीत पाणी जवळजवळ पीतच नव्हता. उन्हाळ्याचे दिवस, 12 तास. मला त्या रात्री झोप लागली नाही.

एजन्सीनं आठ दिवस वाट बघितली आणि दुसरा माणूस उभा केला. त्या दिवसांचा पगार कापला. भांडायला जागाच नव्हती, कारण कागदावर नेमणूक रोजंदारीचीच होती.

जखम भरायला सहा आठवडे लागले. तेवढ्यात आम्ही दोघांनी ट्रंक उघडून त्याचे सगळे कागद ओट्यावर मांडले. तो कुबड्या घेऊन शेजारी बसायचा. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनीचा आदेश, मेडिकल बोर्डाची कार्यवाही, ओळखपत्र. मधेच खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटचं कॉम्प्युटर कोर्सचं प्रमाणपत्र निघालं. ही संस्था 1917 साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांनी पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या शिपायांसाठी काढली, पुढे ती खडकीला आली. शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे जखमी जवान हाताला नवं काम शिकतायत. ह्यानं सेवेत असतानाच तो कोर्स केला होता आणि प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाला ठेवलं होतं. मी विचारलं, हे एजन्सीला दाखवलं होतंस का? म्हणाला, गेटवर काय करायचंय त्यांना ह्याचं.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण अनेक घरांत याच ठिकाणी गाडी अडते. पहिली भीती असते ती, नोकरी लागली की अपंगत्वाची पेन्शन बंद होणार. ह्याच्या आईनं मला तसं तोंडावर विचारलं. मी पीपीओ हातात धरून त्यांना समजावलं की खाजगी नोकरीनं यातला एक रुपयाही कमी होत नाही. ती त्यानं देशासाठी दिलेल्या पायाची भरपाई आहे, बसून राहण्याचा मोबदला नव्हे. दुसरी अडचण टक्केवारीची. फौजेच्या बोर्डानं दिलेली टक्केवारी पेन्शनीसाठी असते. बाहेरच्या सवलतींसाठी आणि नोकरीसाठी दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड लागतं, ते ऑनलाइन अर्ज करून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी होऊन मिळतं. दोन्हींचे आकडे जुळतीलच असं नाही आणि जुळले नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. कायद्यानं 40 टक्के किंवा त्याहून जास्त असलं की माणूस सवलतीला पात्र. आमच्या दोन फेऱ्या झाल्या, कार्ड आलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोकरीसाठी नाव नोंदवलं, तेही याच काळात.

सरकारी नोकरीचा रस्ताही बघितला. केंद्राच्या गट क मध्ये माजी सैनिकांना 10 टक्के जागा, राज्यात 15 टक्के. सरकारी बँकांच्या क्लार्कच्या जागांत 14.5 टक्के, त्यातले 4.5 टक्के सेवेत अपंग झालेल्यांसाठी आणि कामी आलेल्यांच्या घरच्यांसाठी. वयातून सेवेची वर्षं वजा होतात, वर 3 वर्षांची सूट. दहावी पास आणि 15 वर्षं सेवा असेल तर केंद्राच्या गट क मधल्या पदवीच्या बऱ्याच जागांनाही अर्ज चालतो. एवढं सगळं असूनही दरवर्षी यातल्या कितीतरी जागा रिकाम्या राहतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. 17 वर्षं रायफल धरलेल्या हाताला तासाभरात शंभर प्रश्नांची परीक्षा एकदम कशी झेपावी? ह्यानं बँकेची परीक्षा एकदा दिली, थोडक्यात राहिला. पुन्हा देतो म्हणाला, पण घरात दोन मुलं शाळेत. थांबायला वेळ नव्हता.

आता मुख्य गोष्ट. डिस्चार्ज बुकात त्याच्या कामापुढे एकच ओळ होती, सोल्जर जनरल ड्यूटी. कुठल्याही कंपनीचा एचआरवाला ही ओळ वाचतो आणि त्याला गेट आठवतं. मलाही तेच आठवलं होतं. म्हणून यावेळी मी वही घेतली आणि म्हटलं, पाय गेल्यानंतर पलटणीत तू रोज काय करायचास ते सकाळपासून रात्रीपर्यंत सांग.

“कोत एनसीओ होतो की तात्या. तुम्हाला ठावं हाय.”

ठाऊक होतंच. पण कधी त्याकडे त्या नजरेनं बघितलं नव्हतं. जे फौजेत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. कोत म्हणजे कंपनीचं शस्त्रागार, आणि कोत एनसीओ म्हणजे ते सांभाळणारा माणूस. रॅकवर रायफली ओळीनं लावलेल्या, प्रत्येकीवर बट नंबर. कोणती रायफल कुणाला, किती वाजता, किती मॅगझिनसह दिली, कधी परत आली, परत आली तेव्हा साफ होती का, बॅरलमधून चिंधी फिरवली होती का, कोणती दुरुस्तीला गेली, तिची तारीख, तिची सही. सकाळी मोजणी, संध्याकाळी मोजणी, चार्ज देताना आणि घेताना मोजणी. एक मॅगझिन कमी आलं तर सगळी कंपनी जागी राहते. असा कोत ह्यानं साडेतीन वर्षं सांभाळला होता आणि एक वस्तू इकडची तिकडे झाली नव्हती.

तो बोलत होता आणि त्याचे हात हलत होते. रजिस्टरचं पान उलटल्यासारखे, कडी लावल्यासारखे. घरी आल्यापासून मी त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

त्या वहीतून मी एक पानभर अर्ज तयार केला. त्यात कोत हा शब्द टाकला नाही, कारण तो बाहेर कुणाला कळत नाही. लिहिलं ते असं: क्रमांकित साधनांचा साठा साडेतीन वर्षं स्वतंत्र जबाबदारीवर सांभाळला. रोज दोनदा मोजणी, देवाणघेवाणीची नोंद, दुरुस्ती आणि तपासणीचं वेळापत्रक. कॉम्प्युटरवर नोंदी करता येतात. खाली बोर्डाचा आणि युडीआयडीचा उल्लेख आणि एक ओळ, “बसून करायचं किंवा थोडं चालण्याचं काम पूर्ण क्षमतेनं करू शकतो.” ती ओळ घालू का नको यावर आमचा एक दिवस गेला. त्याचं म्हणणं होतं, आधी पायाचं सांगितलं की दारातूनच परत पाठवतील. मी म्हटलं, लपवून मिळालेल्या नोकरीत पुन्हा दुपारचा मोजा चढवता येणार नाही. त्याला पटलं.

अकरा ठिकाणी अर्ज दिले. बहुतेक ठिकाणी पुन्हा तेच, “माजी सैनिक? सिक्युरिटीत जागा आहे.” एका ठिकाणी तरुण एचआर बाईंनी त्याला बसवून चहा दिला, देशसेवेबद्दल आभार मानले, मुलांबद्दल विचारलं आणि काम काही दिलं नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, तात्या, सत्कार नको, काम पायजे. आमच्याकडे 15 ऑगस्टला जखमी जवानाला शाल-श्रीफळ द्यायला लोक हौसेनं येतात. त्या प्रेमाचा मी मान राखतो. पण मुरलीकांत पेटकरांची गोष्ट घ्या. सांगली जिल्ह्यातला माणूस, फौजेच्या यंत्रदुरुस्ती शाखेचा, म्हणजे ईएमईचा जवान, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला, 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. पदक सगळ्यांना आठवतं. मला त्यातली टेल्कोतली, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समधली, नोकरी आठवते. पुण्यात त्या कारखान्यानं त्यांना कामावर घेतलं होतं. संसार रोजच्या पगारावर चालतो.

बाराव्या ठिकाणी जुळलं. यंत्रांचे सुटे भाग बनवणारा मध्यम कारखाना, दीड-दोनशे कामगार. तिथले प्लांट मॅनेजर अर्ज वाचून म्हणाले, “आमच्या टूल रूमला माणूस टिकत नाही. ड्रिल जातात, टॅप जातात, मापाचे गेज सापडत नाहीत. ह्यांना किती वेळ उभं राहता येतं?”

मी म्हटलं, साहेब, हे मी सांगण्यापेक्षा आपण जागा बघू. ते तयार झाले. हा त्यांचा मोठेपणा. आम्ही तिघं आत गेलो. टूल रूम म्हणजे जाळीची खोली, पुढे खिडकी. कामगार आपल्या नंबराचं पितळी टोकन देतो आणि हत्यार घेऊन जातो. ते टोकन हत्याराच्या जागी खिळ्यावर टांगायचं. हत्यार परत आलं की टोकन परत. नायक त्या फळीपुढे उभा राहिला. निम्मे खिळे रिकामे होते, ना हत्यार ना टोकन. त्यानं एका खिळ्याला बोट लावून विचारलं, “हितलं काय कुणाकडं हाय?” तिथल्या पोराला सांगता आलं नाही. मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं. मुलाखत तिथेच झाली.

मग मी माझ्या वहीतल्या गोष्टी काढल्या. उंच खुर्ची हवी, खिडकीशी बसून हात पोचेल अशी. जड व्हाइस आणि चक खालच्या फळीवर होते, ते कमरेच्या उंचीवर हवेत, कारण वाकून वजन उचलताना स्टंपावर ताण येतो. दिवसातून दोनदा दहा मिनिटं, दार लावून पाय काढता येईल अशी आडोशाची जागा. टूल रूमच्या मागच्या कोपऱ्यात पडदा लावला की झालं. आणि संडास. कामगारांच्या बाजूला सगळी भारतीय भांडी, कमोड फक्त ऑफिसच्या मजल्यावर, तेही जिन्यावरून. हे मागताना माझीच जीभ अडखळली. मॅनेजर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “खाली पाहुण्यांसाठी एक आहे, कुलूपबंद. त्याची एक किल्ली ह्यांना देऊ.”

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं खाजगी कंपन्यांनीही समान संधीचं धोरण करायचं असतं, हे मी त्यांच्या एचआरला सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पण खरं काम कायद्यानं केलं नाही, त्या रिकाम्या खिळ्यांनी केलं. सगळ्या सोयींना मिळून जो खर्च आला तो एक चांगला ड्रिल सेट हरवण्यापेक्षा कमी होता, असं मॅनेजर नंतर मला म्हणाले.

जनरल शिफ्ट मिळाली. सहा महिन्यांची मुदत, नंतर रोलवर, म्हणजे कंपनीच्या पटावर, घेण्याचं बघू म्हणाले. जायला त्यानं स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावून घेतली.

इथे बहुतेक लोक थांबतात. नोकरी लागली, पेढे वाटले, संपलं. पहिल्यांदा मीही थांबलो होतो. यावेळी दर शनिवारी संध्याकाळी मी त्याला फोन करायचा आणि पहिला प्रश्न कामाचा नाही, पायाचा, असं आम्ही ठरवलं होतं. “मोजा चढवला का?” महिन्याभरात तो फोन उचलल्या उचलल्या सांगायला लागला, “चढवला, चढवला.” सूनबाई रोज रात्री लायनर साबणानं धुऊन दोरीवर उलटा घालायच्या आणि सकाळी तो आतून कोरडा आहे ना, हे हात घालून बघूनच त्याच्या हातात द्यायच्या. नोकरी टिकण्यात त्या दोरीचा वाटा कुठल्याही कागदापेक्षा कमी नाही.

तिसऱ्या महिन्यात तक्रार आली, आणि ती पायाची नव्हती. एक सुपरवायझर म्हणाले, “माणूस चोख आहे, पण उद्धट आहे. हाक मारली तर ऐकून न ऐकल्यासारखं करतो.” मॅनेजरांनी मला बोलावलं. मला ते ऐकून धक्का बसला, कारण ह्याच्याइतका नम्र पोरगा मी पाहिलेला नाही. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. हाक डावीकडून, मशीन शॉपच्या बाजूनं येत होती. त्यानं मान वळवलीच नाही. मी उजवीकडून हळू बोललो तर लगेच बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुरुंग डाव्या पायाखाली फुटला होता. पाय गेला म्हणून सगळ्यांनी पायाकडेच बघितलं, कानाकडे कुणी बघितलंच नाही, त्यानं स्वतःसुद्धा नाही. ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, कानाची तपासणी करून घेतली. डावा कान बऱ्यापैकी गेलेला. खुर्ची फिरवून उजवा कान मशीनच्या बाजूला आणला आणि हाक मारण्याऐवजी मागणी चिठ्ठीवर लिहून द्यायची पद्धत घातली. चिठ्ठीमुळे नोंदीही पक्क्या झाल्या. त्या सुपरवायझरांनी स्वतः येऊन त्याची माफी मागितली. त्याला ते इतकं अवघड वाटलं की तो उठून उभाच राहिला.

दुसरी कुरबुर त्याच्या बाजूची होती. टोकन नसेल तर तो कुणालाच हत्यार देत नव्हता, फोरमनलाही नाही. एकदा मशीन बंद पडलेलं असताना पाच मिनिटं वाद झाला. त्याचं म्हणणं, नियम म्हणजे नियम. मी त्याला म्हटलं, बाळा, स्टँड-टूला, म्हणजे सगळ्यांनी तातडीनं सज्ज व्हायचं तेव्हा, कोतमधून रायफल बाहेर काढताना तू रांगेत सह्या घेत बसायचास का? आधी द्यायचास, नंतर नोंद पुरी करायचास. तसं इथंही कर, फोरमनसाठी लाल टोकन वेगळं ठेव, आणि पाळी संपायच्या आत हिशेब मिटव. हे त्याला लगेच पटलं, कारण ते त्याच्या भाषेत होतं. कारखान्याच्या भाषेत हेच त्याला आठवडाभर सांगून झालं होतं. मला वाटतं, अशा प्रत्येक माणसामागे दोन्हीकडची भाषा येणारं कुणीतरी पहिलं वर्षभर असायला हवं. आमच्यासारख्या निवृत्तांकडे वेळ आहे, भाषाही आहे. तालुक्यातल्या चौघा निवृत्त साथीदारांना मी हे सांगितलं आणि आता प्रत्येकाकडे एक-एक जवान आहे. एकाचे दोन्ही डोळे अधू आहेत. त्याचं काम अजून जुळलेलं नाही, पण अर्जात ‘जनरल ड्यूटी’ एवढंच लिहून आम्ही कुठे पाठवत नाही.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होती. त्यानं टूल रूममधलं एकेक व्हर्नियर, मायक्रोमीटर पुसून पाटावर ओळीनं मांडलं होतं, मोठं ते डावीकडे, लहान ते उजवीकडे. पलटणीत कोतची पूजा तो अशीच मांडायचा. प्रसाद घेताना मॅनेजरांनी रोलवर घेतल्याचं पत्र त्याच्या हातात दिलं. फळीवरचा एकही खिळा त्या दिवशी ना हत्यार ना टोकन असा नव्हता.

वर्षभरात स्टंप आणखी बारीक झाला. सकाळीच तीन मोजे चढवावे लागायला लागले, म्हणजे सॉकेट बदलायची वेळ झाली. पाय पुण्याला वानवडीच्या आर्टिफिशियल लिम्ब सेंटरमध्ये होतो, 1944 पासून जवानांचे पाय तिथे बनतायत. त्यासाठी पाच-सहा दिवस लागणार होते. पूर्वी हेच सहा दिवस त्याच्या नोकरीवर आले असते. यावेळी मी आधीच मॅनेजरांशी बोललो होतो की वर्षातून एकदा ही रजा लागणार, ती आजारपण धरू नका, गाडीची सर्व्हिसिंग असते तशी धरा. त्यांनी रजा लिहून दिली.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं आयटीआय झालेल्या पोराला चार्ज दिला. सगळं मोजून, यादी करून, खाली दोघांच्या सह्या. पोरगं वैतागलं होतं, असं मला नंतर कळलं. परत आल्यावर सोमवारी त्यानं आधी मोजणी घेतली. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“तात्या, 20 चा प्लग गेज कमी होता.”

“मग?”

“सापडला. कॅलिब्रेशनच्या पेटीत गेल्ता. पण पोराकडनं लिहून घेतलं.”

“आणि पाय?”

“नवा बरा बसलाय. सकाळी एक मोजा, दुपारी दोन.”